आईला परकं केलं तो हिवाळा

साक्ष द्यायला मी चर्चमध्ये मंडळीपुढे बऱ्याचदा उभी राहिले आहे. कॅनडाचे कागद झाले तेव्हा, प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा, माझ्या लेकीच्या, इराच्या जन्माच्या वेळी अडचण आली आणि आम्ही दोघी सुखरूप घरी आलो तेव्हा. प्रत्येक वेळी लोकांनी माना डोलावल्या, प्रभूचे आभार मानले, आणि खाली बसताना मी मनातून थोडी फुशारलेही. आज जे लिहिते आहे ते मी कधी उभं राहून सांगितलेलं नाही. त्यात माझं काही चांगलं नाही. देवाने केलं ते चांगलं आहे, आणि माझ्या आईने केलं ते. मी जे केलं त्याची मला लाज वाटते, आणि ती लपवून ही साक्ष सांगताच येत नाही, म्हणून ती आधी सांगते.

आम्ही हॅलिफॅक्सच्या समोर, बंदराच्या पलीकडे डार्टमथला राहतो. नवरा प्रकाश, मी आणि नऊ वर्षांची इरा. इथे मराठी घरं मोजकीच. सणावाराला सगळी मिळून तीस-चाळीस माणसं जमतात, आणि बहुतेक वेळा ती हॅलिफॅक्सला देवधरांच्या घरी जमतात. देवधर काका इथल्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, काकू सगळ्यांच्या काकू. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी पुण्याहून आणलेल्या पातळ बुटांनी बसस्टॉपवर उभी होते, तेव्हा काकूंनी गाडी थांबवून मला घरी नेलं होतं. त्यांच्या सुनेचे जाड बूट माझ्या पायात घातले होते आणि बर्फावर कसं चालायचं ते ड्राइव्हवेत चालून दाखवलं होतं. हे मुद्दाम लिहिते. पुढे जे घडलं त्यात ही माणसं वाईट होती असं कुणाला वाटू नये.

आमचं आडनाव जाधव. त्या आडनावात सगळं मावतं. पहिल्याच भेटीत एका गृहस्थांनी विचारलं, "कुठले जाधव तुम्ही?" मी म्हटलं, "नगरकडचे." त्यांना गाव विचारायचं नव्हतं हे मला कळलं होतं, आणि मला ते कळलं आहे हे त्यांनाही कळलं असावं, पण इतक्यात चहा आला आणि तो प्रश्न तिथेच राहिला. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, फक्त सांगितलं नाही, असं मी मनाला समजावत असे. गणपतीच्या आरतीला हात जोडून उभी राहत असे, त्यांचा मान राखायला. पण रविवारी उपासनेहून थेट तिकडे जाताना गळ्यातला क्रूस काढून पर्समध्ये टाकत असे, तो कुणाचा मान राखायला, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

या भीतीचं मूळ जुनं आहे. पुण्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही चौघी एका खोलीत होतो. खिडकीतल्या फळीवर सगळ्यांच्या घरचा खाऊ एकत्र असायचा. एका संध्याकाळी बोलता बोलता मी सांगितलं की आम्ही ख्रिस्ती. एकीने सहज विचारलं, "हो, पण मूळचे कोण?" मी तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची लोणच्याची बरणी फळीवर नव्हती. तिने ती ट्रंकेत ठेवली होती. ती माझ्याशी वाईट वागली नाही, अभ्यासाच्या वह्याही देत राहिली. पण ती बरणी परत फळीवर आली नाही. आडनाव सांगायचं आणि पुढचं गिळायचं, हे मी तेव्हापासून शिकले.

बाबा गेले आणि वर्षभराने, सप्टेंबरात, आई आमच्याकडे आली. आई नगरजवळच्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आया होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या शिक्षणासाठी तिने वर्षानुवर्षं दुसऱ्या आयांच्या पाळ्याही केल्या. इथल्या इंग्रजी मंडळीत ती पहिल्या रविवारी माझ्याबरोबर आली तेव्हा मी अभिमानाने तिचा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "माय मॉम." इंग्रजीत ते म्हणायला मला कधीच अडचण आली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला देवधरांकडे फराळाचा बेत होता. प्रकाशची ड्यूटी होती, म्हणून मी, इरा आणि आई अशा तिघीच गेलो. आईने फिकट निळं पातळ नेसलं होतं, वर प्रकाशचं जाड जाकीट. आत गेल्या गेल्या तिने कुणाला काही न विचारता स्वयंपाकघर गाठलं आणि सिंकमधल्या बशा धुवायला घेतल्या. तिला रिकामं बसणं कधी जमलं नाही. बशा पुसता पुसता ती कुणाच्या तरी लहान मुलीशी बोलत होती, "अगं, हळू खा की, ठसका लागंल." तिचा तो नगरी हेल बाहेर हॉलपर्यंत येत होता, आणि हॉलमधल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघून किंचित हसल्यासारखं केलं. कदाचित त्या दुसऱ्याच कशाला हसल्या असतील. काकू माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी प्रेमानेच विचारलं, "कोण गं त्या? किती कामाच्या आहेत."

मी म्हटलं, "इराला सांभाळायला आणल्यात गावाकडून."

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मी आईकडे बघत होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तिचा बशी पुसणारा हात थांबला नाही. काकू आत गेल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या हो बाई, दमाल तुम्ही." आई हसून म्हणाली, "न्हाई ओ. पोरगी सांभाळायची म्हंजी बसून बसून अंग आंबतं."

तिने माझं खोटं उचलून धरलं. मला उघडं पडू दिलं नाही. एवढंच नाही, निघताना तिने माझा कोट आणून दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुमचा कोट." माझ्या आईने मला ताई म्हटलं, तुम्ही म्हटलं. मी तो कोट घेतला आणि अंगात घातला.

गाडीत इराने मागून विचारलं, "मम्मा, व्हाय डिड आजी कॉल यू ताई?" मी म्हटलं, "शी वॉज जोकिंग, बेटा." आई खिडकीतून पुलाखालचं पाणी बघत होती. घरी आल्यावर तिने नेहमीसारखी इराची वेणी सोडली, पातळाची घडी घातली, प्रार्थना केली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल. ती रागावली असती तर मी रडले असते, पाया पडले असते. तिने मला पोहे केले. मीही गप्प राहिले, आणि गप्प राहण्याचा एकेक दिवस पुढचा दिवस अवघड करत गेला. प्रकाशलाही सांगितलं नाही.

बर्फ पडायला लागला. माझी प्रार्थना आटली. शब्द येत होते, पण छतापर्यंत जाऊन परत येत होते. बायबलमधल्या त्या शिष्याची गोष्ट मी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा शिकवली होती, शेकोटीपाशी उभा राहून ज्याने आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून सांगितलं त्याची. शिकवताना मला नेहमी वाटायचं, मी तिथे असते तर असं केलं नसतं. त्याला निदान जिवाची भीती होती. मला कसली होती? दोन बायकांच्या हसण्याची. देव आपल्याला सोडून गेला आहे असं मला त्या दिवसांत वाटत होतं, आणि गेला असेल तर बरोबरच गेला, असंही वाटत होतं.

जानेवारीच्या शेवटी काकूंची सून मृण्मयी बाळंत झाली, मुलगी झाली. तिची आई नाही, आणि काकूंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालत होत्या. एका सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, तुझ्याकडच्या त्या बाई महिना-दीड महिना दिवसा पाठवशील का? बाळाला न्हाऊ-माखू घालायला, मृण्मयीला शेक द्यायला. इथे कोण मिळणार?"

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. खरं सांगायची ही संधी होती, देवाने अगदी हातात आणून ठेवलेली. मी म्हटलं, "विचारते त्यांना." फोन ठेवून आईपाशी गेले आणि कसंबसं सांगितलं. मला वाटलं, आता तरी ती माझ्याकडे बघेल. तिने बघितलं, पण तिला बाळंतीण दिसत होती. "आई न्हाई व्हय तिला?" ती म्हणाली. "मग जायला पायजे." आणि मी माझ्या आईला दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवलं. हे वाक्य लिहायला मला आज बराच वेळ लागला.

पहिले दोन दिवस मी गाडीने सोडलं. तिसऱ्या दिवसापासून ती स्वतः बंदरातल्या फेरीबोटीने जायला लागली. कागदावर बसचा नंबर लिहून घेतलेला, डोक्याला स्कार्फ, पायांत इराच्या बाबाचे मोजे दोन-दोन. फेरीवरचे कर्मचारी तिला ओळखायला लागले होते. संध्याकाळी ती थकून यायची, पण डोळ्यांत तिच्या वॉर्डातली जुनी चमक असायची. बाळाचं वजन, बाळाची शी, मृण्मयीचं दूध, सगळं सांगायची. एक दिवस मात्र म्हणाली, "पोरगी हसत न्हाई गं. लेकरू मांडीवर देते तर दुसरीकडं बघती." मी म्हटलं, "दमली असेल." आईने मान हलवली. "दमलेल्या बायका मी लई पाहिल्यात. ही दमलेली न्हाई."

मार्चमधली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास मी प्रयोगशाळेत नमुने लावत होते, बाहेर बर्फ सुरू होता. फोनवर मृण्मयीचं नाव आलं, पण आवाज आईचा होता. "तू ये. गाडी घेऊन ये, लगेच." मी विचारलं, बाळाला काही झालं का. "बाळ बरं हाय. तू ये." एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाचा तो आवाज होता, त्यात घाई होती पण थरथर नव्हती. मी सुपरवायझरला सांगून निघाले. काचेवरचे वायपर बर्फ ढकलत होते आणि पुलावर गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. मी प्रार्थना करू लागले आणि माझ्या लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत मी पहिल्यांदाच देवाकडे खरोखर काही मागत होते. मागायला तोंड नव्हतं, तरी मागत होते.

मृण्मयीचा नवरा कामावर होता, काका काकूंना फिजिओथेरपीला घेऊन गेले होते. दार उघडंच होतं. वरच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती. मांडीवर बाळ झोपलेलं, आणि उजव्या हाताने तिने मृण्मयीचं मनगट धरलेलं. मृण्मयी पलंगाला टेकून बसली होती, अंगात बाहेर जायचा कोट, पायांत चपलाच. त्या बर्फात ती चपलांनी निघाली होती. आई मला म्हणाली, "बाळाला ठिवून निघाली व्हती. परत यायचं न्हाई म्हणत व्हती. हिला दवाखान्यात ने. मला तिथं बोलता येणार न्हाई, तू बोल." मग मृण्मयीकडे वळून, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, हे पाप न्हाई. हा आजार हाय. ताप येतो तसा येतो, आन् जातो. म्या जाताना पाहिलाय."

मी दोघींना आणि बाळाला गाडीत घातलं. दवाखान्यात मी बोलले, फॉर्म भरले, नर्सला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी लगेच आत घेतलं नाही, पण मृण्मयीला एका वेगळ्या शांत खोलीत बसवलं आणि तिच्याबरोबर थांबायला सांगितलं. आई बाळाला घेऊन कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मृण्मयी भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमच्या आईंनी माझा हात सोडला नाही. मी ओरडले त्यांच्यावर, नखं लागली माझी. तरी सोडला नाही."

'तुमच्या आईंनी' हे शब्द मी ऐकले, पण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "दुपारी बाळ झोपलं की त्या डोळे मिटून देवाशी बोलतात. त्यांना वाटतं मी झोपले आहे. माझ्यासाठी मागतात, बाळासाठी मागतात, आणि मग तुमचं नाव घेतात. माझी लेक, म्हणतात. रोज तेच मागणं. माझ्या लेकीची भीती काढ, देवा, ती लई भ्याली हाय." तिने माझ्याकडे मान वळवली. "मी विचारलं एकदा, मावशी, तुम्ही त्यांच्या आई ना? तर म्हणाल्या, कुणाला बोलू नको, तिला वाईट वाटंल."

समोर एक आजारी मुलगी बसली होती, जिच्याशी मी धीराचं बोलायला हवं होतं, आणि तीच मला सांगत होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला वर बघवत नव्हतं. इतके महिने मी समजत होते की आई आतून रागावली आहे, देव पाठ फिरवून बसला आहे, आणि मी एकटी आहे. त्या सगळ्या दुपारी बंदराच्या पलीकडे, परक्या घराच्या एका खोलीत, माझं नाव देवापुढे ठेवलं जात होतं. आईने तक्रार म्हणून ठेवलं नव्हतं. मी गर्विष्ठ आहे, कृतघ्न आहे, असं तिने सांगितलं नव्हतं, जे खरंच होतं. तिने माझी भीती ओळखली होती, जी मी स्वतः कधी कबूल केली नव्हती.

एखाद्याला वाटेल की इतकं कळल्यावर मी धावत जाऊन सगळं निस्तरलं असेल. नाही. त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. "तुझ्या बाईंचे उपकार कसे फेडू गं?" आणि मी म्हटलं, "असं नका म्हणू, काकू." बस, एवढंच. कृपा झाली तरी मी तीच होते. मात्र त्या दिवशी प्रकाशला मी सगळं सांगितलं. तो उठून आईच्या खोलीत गेला आणि तिच्या पायाशी बसून राहिला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

मृण्मयीचे उपचार सुरू झाले. आई जातच राहिली. एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेचे काळे पडलेले बर्फाचे ढीग वितळले आणि मृण्मयी हळूहळू बाळाकडे बघायला लागली. ती बरी होईपर्यंत बारसं थांबवलं होतं, ते मे महिन्यात ठरलं. तिथे जाण्याआधी मी गाडीत बसून प्रार्थना केली. आजवर मी धैर्य मागायचे. त्या दिवशी मागितलं नाही. मी म्हटलं, "प्रभू, मला हे जमत नाही. मी जाऊन परत तेच करीन. आता तूच बघ." माझ्या आयुष्यातली ती बहुधा सगळ्यात लहान आणि सगळ्यात खरी प्रार्थना असेल.

बारशाला सगळे जमले होते. पाळण्याला फुगे लावलेले, बाळाला हिरवं झबलं. आईने बाळाला पाळण्यात ठेवलं, बायकांनी बाळाचं नाव ठेवलं. मग काका कॅमेरा घेऊन म्हणाले, "चला, घरचे सगळे पुढे या, मग बाकीचे." आई पाळण्यापासून मागे सरली आणि रिकामी ताटं उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिची वाट अडवली. हे ठरवलेलं नव्हतं. मी तिच्या हातातली ताटं घेतली, ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ह्या माझ्या आई आहेत."

आवाज इतका बारीक आला की काका म्हणाले, "काय म्हणालीस?"

"माझी आई. मला जन्म दिलेली. सांभाळायला आणलेल्या बाई नाहीत. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले. आम्ही ख्रिस्ती आहोत. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती, त्यावर मी शिकले."

कुणीतरी म्हणालं, "अहो, त्यात काय एवढं," आणि ते इतक्या घाईने म्हटलं गेलं की त्यात काय आहे ते कळलं. मृण्मयी येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. काकू मात्र खुर्चीत बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मी कल्पना केली नव्हती. "तीन महिने," त्या म्हणाल्या, "तीन महिने मी ह्यांना कामं सांगितली. एकदा फरशी पुसायला लावली. तुझ्या आईला. तू मला हे करायला लावलंस?" त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि आम्हाला समजलीस तरी काय तू? इतकी वर्षं माझ्या घरी जेवलीस."

लोक माझ्याकडे तुच्छतेने बघतील या भीतीत मी त्या चांगल्या बाईलाच तुच्छ मानलं होतं, आणि माझ्या खोट्याने तिच्याही हातून चूक करवली होती. पाप एकट्याचं राहत नाही हे तेव्हा मला दिसलं.

परतताना इरा आणि प्रकाश गाडीने गेले. आई म्हणाली, "मला बोटीतनं जायचंय." म्हणून मी तिच्याबरोबर फेरीला थांबले. उजेड लांबला होता, डेकवर पहिल्यांदाच बिनटोपीची माणसं उभी होती. मी कठड्याला धरून तिची माफी मागितली. कशाकशाची ते एकेक करून सांगितलं, कोट घेतल्याचंसुद्धा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू मला आया म्हणालीस त्याचं काय न्हाई. आया तर मी हायेच. ते काम काय लाजायचं न्हाई." ती पाण्याकडे वळली. "पर माझी म्हणाली न्हाईस. तेवढं लागलं."

"मग तू मला तेव्हा का नाही बोललीस, आई?"

"बोलले असते तर तू माफी मागून मोकळी झाली असतीस. भ्या तसंच राहिलं असतं." तिने पदराने माझं नाक पुसलं, भर फेरीवर, इतक्या लोकांसमोर. मी पुसू दिलं.

सगळं गोड झालं असं नाही. एका कुटुंबाने त्यानंतर आम्हाला बोलावलं नाही. काकूंचाही महिनाभर फोन आला नाही, आणि तो राग माझ्या वाट्याचाच होता. जुलैत एका दुपारी त्या काठी टेकत आमच्या पायऱ्या चढून आल्या, हातात चकल्यांचा डबा. माझ्याशी जेमतेम बोलल्या. आईसमोर बसून त्यांनी हात जोडले, तर आई म्हणाली, "काय ओ हे! फरशी तर मी घरीबी पुसते. बसा, च्या ठिवते." दोघी संध्याकाळपर्यंत बाळंतपणाच्या गोष्टी सांगत बसल्या होत्या, आणि मी आतल्या खोलीतून ऐकत होते. माझ्याशी काकू आता बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. ते परत मिळवायला वेळ लागेल, कदाचित मिळणारही नाही.

आई ऑगस्टअखेर गावी परत गेली. तिला तिची मंडळी, तिच्या शेजारणी, तिचं घर हवं होतं. झाडांची पानं पुन्हा लाल व्हायला लागली आहेत. ती गेल्यावर मी मागे वळून बघते, तर माझ्या प्रत्येक ऋतूत कृपा होतीच, फक्त मी तिला माझ्या आवडीच्या ठिकाणी शोधत होते. जिथे माझी अब्रू राहील तिथे. मी देवापुढेही नेहमी तयार होऊन, नीटनेटकी होऊन जात असे, आणि जे लाजिरवाणं होतं ते दाराबाहेर ठेवत असे. तो मात्र तिथेच, दाराबाहेर, मी टाकलेल्या माणसाजवळ बसला होता.

माझी लाज गेलेली नाही. ती जावी असं मी आता मागतही नाही. देवाने मला शिक्षा केली असती तर ती सोसून मी पुन्हा ताठ मानेने फिरले असते. त्याने तसं केलं नाही. मी जिला नाकारलं तिच्याच तोंडात त्याने माझं नाव ठेवलं, आणि मी थकून, हरून, जमत नाही म्हणेपर्यंत वाट बघितली. ज्या दिवसांत मी त्याला हाकही मारत नव्हते, त्या दिवसांतही त्याने मला सोडलं नाही. त्याच्या पायाशी ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून हे ठेवते, आणि आभार मानते.